पहिली आंघोळ, शेवटची आंघोळ

विषय: खाडीपलीकडच्या एका गावातील मुलीस सुईणीचे शिक्षण घेण्यासाठी तालुक्याला पाठवण्यास जमातीची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: गावातील मयत बायकांना गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, घालणाऱ्या मेहरुबी यांचा अर्ज. तीन वर्षांत तीन वेळा सादर.

उपरोक्त विषयाची हकीकत अशी की, फार पूर्वी खाडीच्या पल्याड एक गाव होते. गावाचे नाव मुद्दाम गाळले आहे. ते लिहिले असते तर एकाच गावाला राग आला असता आणि बाकीची गावे सुटली असती.

गाव मोठे दीनदार, दीन म्हणजे धर्म सांभाळणारे. घरटी एक हाफिज, म्हणजे सबंध कुराण मुखोद्गत असलेला. अजान झाली की बोलता माणूस अर्ध्या वाक्यात थांबे. उणीव म्हणाल तर एकच होती. गावात डॉक्टर नव्हता, हकीम नव्हता, आणि जुनी सुईण वारल्यापासून सुईणही नव्हती. दवाखाना तालुक्याला, आणि होडी फक्त भरतीला चाले. ओहोटीला खाडीत गुडघाभर चिखल. बाळंतकळा मात्र भरती-ओहोटी विचारून येत नाहीत.

गावचा एक मुलगा शहरात जाऊन डॉक्टर झाला होता. तो परत आलाच नाही. दर ईदला सगळ्या गावाला मिळून एक शुभेच्छापत्र पाठवी. म्हणजे दीन शिकलेले गावात राहिले, त्यांना इलाज येईना. ज्याला इलाज येत होता, त्याला गाव आठवेना. यावरून गावाने एवढेच ताडले की दुनियेचे शिक्षण वाईट.

मेहरुबी तीस वर्षे गुसल घालत होती. बोरीची पाने टाकून उकळलेले पाणी कोमट करायचे, उजवीकडून सुरुवात करायची, शेवटच्या पाण्यात कापूर घालायचा. पूर्वी तिच्या हाताखाली पिकल्या केसांच्या म्हाताऱ्या येत. अलीकडे मेंदीचे हात येऊ लागले. एकीच्या तळहातावरची लग्नातली मेंदी अजून लाल होती. मेहरुबीने ती उगाचच दोनदा धुतली.

एका जुम्म्याला मौलवीसाहेबांनी फर्ज-ए-किफायाबद्दल सांगितले. जनाज्याची नमाज गावातल्या काहींनी पढली की सगळ्यांची जबाबदारी फिटते; कोणीच पढली नाही तर सगळे गाव गुन्हेगार. बायकांच्या बाजूला बसलेल्या मेहरुबीने ते ऐकले आणि नमाजीनंतर मौलवीसाहेबांना पायरीवर गाठले.

"मौलवीसाहेब, या फर्जात फक्त जनाजाच येतो, का आणखी काही?"

मौलवीसाहेब भला माणूस. त्यांनी किताब उघडून पाहिली. "आणखीही आहे. हकिमीसुद्धा आहे. बस्तीला ज्या हुन्नराची गरज, तो शिकणारं कोणीतरी हवंच. कोणीच नसेल तर सगळे गुन्हेगार."

"मग हे आजवर सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाही, मेहरुबी."

"जनाज्याचं तरी कोणी विचारलं होतं?"

मौलवीसाहेबांनी किताब मिटली.

मेहरुबीची नात तहसीन. तिचे कुराण वाचून पुरे झाले होते आणि शाळेतही तिचा नंबर पहिला. तालुक्याला सुईणीचे दोन वर्षांचे शिक्षण मिळे. पण जमातीच्या, म्हणजे मशिदीच्या पंचांच्या, सहीशिवाय गावातली मुलगी होडीत पाऊल टाकत नसे. मेहरुबीने अर्ज केला.

जुम्म्याच्या बैठकीत अर्ज निघाला. मेहरुबी दाराच्या पडद्याआड उभी.

"अक्षर सुंदर आहे," चिटणीस म्हणाला. अर्जात त्याला एवढेच दिसले.

जमातीचे मुतवल्ली, म्हणजे प्रमुख विश्वस्त, दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "खाला, पोरगी तिथं राहील कुठं?"

"माझ्या सख्ख्या बहिणीकडे."

"आणि पडदा?"

"बाईचं बाळंतपण बाईनं करायला शिकायचंय, मुतवल्लीसाहेब. पुरुष डॉक्टर तुम्हाला चालत नाही, बाईला शिकू द्यायचं नाही. मग बाळंतपण काय खाडीतल्या खेकड्यांनी करायचं?"

कोणीतरी फिसकन हसले. मुतवल्लीही हसले. मन वाईट नव्हते त्यांचे. त्यांनी सहीसाठी पेन उघडले, आणि तेवढ्यात बाहेरून निरोप आला. वरच्या आळीतली सून बाळंतपणात गेली. मूलही गेले.

मुतवल्लींनी पेनाला टोपण लावले.

जमातीचा जुना रिवाज होता. गावात मयत झाली की तीन दिवस कुठलाही कागद हलायचा नाही.

"सही करूनच उठा, हुजूर," मौलवीसाहेब हळू आवाजात म्हणाले. "परवा प्रवेशाची मुदत संपते. शोक तीन दिवसांचा, हे किताबात आहे. कागद बंद ठेवायचा, हे मी कुठं वाचलेलं नाही."

"मयत घरात पडलेली आणि आपण दुनियेच्या कागदावर सह्या करायच्या? लोक काय म्हणतील?" मुतवल्ली उठले. "बाळंतपणात गेली, शहिदाचा दर्जा आहे तिला. जन्नती आहे."

मौलवीसाहेब पुढे बोलले नाहीत. बोलायला हवे होते, हे त्यांनाही ठाऊक होते.

जनाज्याला सारे गाव लोटले. नमाजीच्या सफा, म्हणजे रांगा, रस्त्यापर्यंत गेल्या. फर्ज चोख बजावला गेला आणि प्रवेशाची मुदत संपली.

दुसऱ्या वर्षी बैठकच भरली नाही. पहाटेच एक बाळंतीण गेली होती. चिटणिसाने अर्जावर शेरा मारला, 'मयतीमुळे विचारार्थ घेता आला नाही.' मयत कोणाची आणि कशाने, हे लिहायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या वर्षी मुतवल्लींची एकुलती एक मुलगी शगुफ्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आता मुतवल्लींना अर्ज आठवला. चिटणिसाला बजावले, "या जुम्म्याला पहिला विषय हाच घे."

जुम्म्याच्या सकाळीच शगुफ्ताला कळा सुरू झाल्या. नेमकी ओहोटी. होडी चिखलात आडवी पडलेली. मुतवल्लींनी मेहरुबीला बोलावले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे हात जोडले.

"खाला, काहीतरी करा!"

"मला शेवटची आंघोळ येते, मुतवल्लीसाहेब. पहिली घालणारीच तर घडवायची होती."

तरी ती आत गेली. तहसीन उशाशी बसून यासीन, कुराणातला संकटकाळी पढायचा अध्याय, पढत राहिली. एक अक्षर चुकली नाही. पहिल्या वर्षी गेली असती तर आज ती शिकून परत आलेली असती. यासीनही पढली असती आणि रक्तही थांबवले असते. रक्त थांबेना. मुलगी जन्मली, रडली. शगुफ्ताने मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिले. खाडीला पाणी चढले तेव्हा होडीची गरज उरली नव्हती.

त्या दिवशी मेहरुबीने एकाच घरात दोन आंघोळी घातल्या. आधी लेकीला, मग आईला.

दफन करून लोक परतले. एकजण मुतवल्लींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सब्र करा. शहिदाचा दर्जा आहे. जन्नती आहे."

मुतवल्लींनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने हात काढून घेतला. हे वाक्य किती दारांत आपण स्वतः बोललो, ते त्यांना आठवत होते. ते तसेच चालत जमातीच्या खोलीत गेले.

"अर्ज काढ."

चिटणीस घुटमळला. "हुजूर, तीन दिवस कागद बंद."

"उद्या मुदत संपते."

"गेली दोन वर्षंही संपली होती, हुजूर."

मुतवल्लींनी स्वतःच कपाट उघडले, अर्ज शोधला, पेनाचे टोपण काढले. तोवर दारात चार वडीलधारे जमले. "दुःखात आहेत, भान नाही त्यांना," एकजण म्हणाला. दुसऱ्याने फार मायेने त्यांच्या हातातले पेन काढून घेतले. "रिवाज तुम्हीच सांभाळलात हुजूर, आता तुम्हीच मोडणार?"

मौलवीसाहेब या वेळी मोठ्याने बोलले, "मोडू द्या! गुन्हा मोडण्यात नाही, सांभाळण्यात आहे!" पण सवय नसल्याने गावाला ते ऐकू आले नाही.

पडद्याआड मेहरुबी उभी होती. तिच्या ओंजळीला अजून कापराचा वास येत होता.

तात्पर्य: दीन आणि दुनिया, दोन्हींचे ज्ञान माणसाकडून मागितलेले आहे. ज्या गावाला दफन करण्याचा फर्ज तेवढा कळतो आणि जगवायला शिकण्याचा कळत नाही, त्या गावाच्या जनाज्याला गर्दी कधी कमी पडत नाही.

सद्यःस्थिती: अर्ज जमातीच्या कपाटात आहे. निर्णय प्रलंबित.