पेल्यातलं जोडवं

फार पूर्वी, गावोगाव विजेचे दिवे यायच्या आधी, एक जादूगार भुतांचा खेळ करत हिंडायचा. खेळ अगदी छोटा. तंबू नाही, ढोलताशे नाहीत. कुणाच्या तरी ओसरीवर एक चौरंग, त्यावर कंदील आणि भोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं. कोऱ्या पाटीवर राख चोळली की अक्षरं उमटायची. चौरंगावर पडलेला रुमाल आपला आपण उठून बसायचा. गावातले पैलवानसुद्धा तेव्हा हळूच शेजाऱ्याचा सदरा धरायचे आणि दुसऱ्या दिवशी, आपण धरलाच नव्हता म्हणून शपथा घ्यायचे.

सगळ्यात शेवटी काचेचा पेला यायचा. त्याच्या तोंडावर आडवी काडी आणि काडीला दोऱ्याने टांगलेली एक अंगठी. भुताला प्रश्न विचारला की अंगठी काचेवर आपटायची. एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही. काडीला घोड्याच्या शेपटीचा काळा केस बांधलेला असे आणि त्याचं दुसरं टोक जादूगाराच्या करंगळीला. कंदिलाच्या उजेडात तो केस कुणाच्या बापाला दिसत नसे.

हा खेळ शिकवताना उस्तादाने त्याला एक नेम घालून दिला होता. खेळ संपला की पेला बघणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "यात भूत नाही, माझी बोटं आहेत." केस दाखवायचा नाही, पण हे वाक्य चुकवायचं नाही. ते ऐकलं की लोक हसत आणि निवांत घरी जाऊन झोपत.

एका गावच्या जत्रेत खेळ संपत आला असताना एक म्हातारा विणकर पुढे सरकला. त्याने कनवटीचं चांदीचं जोडवं काढलं. ते त्याच्या बायकोचं होतं. ती त्याच वर्षी गेली होती. ज्या दिवशी गेली, त्या सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून हा ताट सरकवून मागावर जाऊन बसला होता. तिने हाका मारल्या, याने ओ दिली नाही. दुपारी उठून पाहतो तर ती चुलीपाशी पडलेली.

"अंगठीच्या जागी हे बांधा," तो म्हणाला. "तिला विचारा, अजून रागावली आहे का माझ्यावर."

जादूगाराने जोडवं बांधलं. करंगळी हलली, जोडवं दोनदा वाजलं. नाही, रागावलेली नाही. म्हातारा हमसून हमसून रडला आणि जादूगाराच्या पायावर डोकं ठेवून बसला.

नेमाचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण जादूगाराचा धीर झाला नाही. एका म्हाताऱ्याला चार घास गोड लागले तर कुणाचं काय बिघडलं, असं त्याने मनाला समजावलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलंही होतं. आजवर लोकांनी त्याच्या बोटांना टाळ्या दिल्या होत्या. पाया पडणारा हा पहिलाच.

जत्रा होती तोवर म्हातारा रोज संध्याकाळी येत राहिला. तो नीट जेवू लागला, पुन्हा मागावर बसू लागला. त्याची लेक येऊन जादूगाराला दुवा देऊन गेली. जत्रा उठली तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, आता तिच्याशी बोलायचं कसं? जादूगाराने केस तेवढा हळूच सोडवून घेतला आणि जोडव्यासकट पेला त्याच्या हातात ठेवला. "तिला वाटलं तर ती वाजवेल," एवढं म्हणून तो वाटेला लागला. पेला दिला, वाक्य मात्र पुन्हा गिळलं.

पुढच्या वर्षी त्या गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या तो विणकराच्या घरी गेला. माग झाकून ठेवलेला होता. लेकीने ओळखलं, घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि मग सगळं सांगितलं. म्हातारा पेला मागाशेजारी ठेवून रोज विचारायचा, रोज वाट बघायचा. जोडवं कधीच वाजलं नाही. ती पुन्हा रुसली, आपलंच काहीतरी चुकलं, असं धरून त्याने आधी मीठ सोडलं, मग जेवणच सोडलं.

"शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांचा कान पेल्याकडंच होता," ती म्हणाली. "मला म्हणाले, पोरी, तिनं आता मला कायमचं टाकलं."

जादूगाराने मान खाली घातली. "ताई, त्यात कुणी नव्हतं. माझी बोटं होती."

तिने उठून कोनाड्यातला पेला आणला, जोडवं सोडवून मुठीत घेतलं आणि रिकामा पेला त्याच्यासमोर ठेवला.

"हे तेव्हाच सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर बाबा माझ्यापाशी रडून मोकळे झाले असते."

जादूगार पुढेही खेळ करत राहिला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. पण पेला चौरंगावर ठेवण्याआधीच तो ते वाक्य सांगून टाकी. त्याने खेळाची निम्मी मजा जाई, लोक कुरकुरत. आणि कुणी गेलेल्या माणसाची वस्तू पुढे केली, तर तो ती त्याच्याच मुठीत मिटवून, घरच्यांजवळ जाऊन बसा, असं सांगे.

तात्पर्य: दयेपोटी सांगितलेलं खोटं सांगणाऱ्याबरोबर पुढच्या गावाला निघून जातं, ज्याने विश्वास ठेवला, तो मात्र त्याची वाट बघत मागे एकटा उरतो.