हात मांडीवर ठेवायच्या वशाची कहाणी

ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी. एक आटपाट नगर, नगराबाहेर हिरवी शेतं. श्रावणात घरोघरच्या बाया निंदायला जात. कडेवरची पोरं कुठं ठेवायची? तर भिवरेच्या ओसरीवर. भिवरा मोठी गुणाची, मोठी टापटिपीची. पोरांना न्हाऊमाखू घाली, खाऊपिऊ घाली. बाया संध्याकाळी येत, ओटीतून भाजी आणीत, म्हणत, "भिवरावहिनी, तुमच्याकडं पोर ठेवलं की जिवाला घोर नाही."

घोर कशाचा असायचा? पोरं ओळीनं बसत, हात जोडीत, श्लोक म्हणत, शंभरापर्यंत अंक म्हणत. कुणी पळी उचलली, की भिवरा हातातून काढून घेई. कुणी पाण्यात हात घातला, की भिवरा हात पुसून टाकी. कुणी माती उकरली, की भिवरा डोळे वटारी. ओसरी कशी लख्ख!

पण भिवरेच्या पोटात एक दुःख होतं. तिची लेक गोदू चार वर्षांची झाली. कानांनी ऐके, डोळ्यांनी सगळं टिपी, पण तोंडातून शब्द काढीना. मग भिवरेनं काय केलं? वेखंड उगाळून मधातून चाटवलं. मग सोमवार धरले. मग ग्रामदेवीला नवस बोलली. गोदू बोलेना. शेजारणी तोंडावर गोड बोलत, पाठ फिरली की म्हणत, "मुकीच निघाली गं." एक 'आई' ऐकायला भिवरेचे कान आसुसले होते.

श्रावणातला शुक्रवार आला. दारात एक म्हातारी आली. पांढरे केस, हातात काठी. ओसरीकडं बघून म्हणाली, "माये, ही पोरं आहेत की मांडणीवरची भांडी?"

भिवरेला राग आला, पण दारी आलेल्या म्हातारीला काय बोलायचं? तिनं पाट दिला, पाणी दिलं, आपलं दुःख सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मी सांगेन तो वसा घे. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." भिवरा म्हणाली, "उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही."

"तर ऐक. शुक्रवारी सकाळी घरातल्या वाट्या, पळ्या, चिंध्या, लाकडं पोरांपुढं ठेवावी. पाणी द्यावं, माती द्यावी. पोरं खेळतील तसं खेळू द्यावं. आपण जवळ बसावं, हात मांडीवर ठेवावे. पोरं खेळात देतील ते घ्यावं."

"आणि मग?"

"मग काही नाही."

"उपास?" "नाही." "सोवळं?" "नाही." "सवाष्ण जेवायला?" "नाही गं बाई."

"निदान उद्यापन?"

"ते पोरं करतील." म्हातारी काठी टेकत निघून गेली.

भिवरा बुचकळ्यात पडली. मनात म्हणाली, हा कसला वसा? पोटाला चिमटा नाही, हाताला काम नाही, आणि देव म्हणे प्रसन्न होणार! म्हातारी विसरली असेल. वयच झालंय.

मग दुसरा शुक्रवार आला. भिवरेनं काय केलं? ओसरी सारवली. चौरंग मांडला, भोवती रांगोळी घातली. चौरंगावर वाट्या-पळ्या रचल्या, हळदकुंकू वाहिलं, पुरणाचा नैवेद्य दाखवला. पोरं भोवती बसली. गोदूनं हळूच वाटीकडं हात नेला, तशी भिवरेनं चापट मारली. "हात लावू नको! सोवळं आहे!"

तुम्ही हसू नका, बायांनो. तुम्ही-आम्ही असतो, तर आरतीसुद्धा केली असती.

म्हातारी आली. "वसा कसा चाललाय?"

"यथासांग," भिवरा म्हणाली.

"मग देवी उपाशी कशी?"

भिवरा चौरंगाकडं बघते, पुरणाकडं बघते. एवढा तूप सोडलेला नैवेद्य, आणि देवी उपाशी? तिला काही उमगेना. म्हातारी एवढंच म्हणाली, "चौरंगावरचं खाली ठेव."

मग तिसरा शुक्रवार आला. भिवरेनं सगळं खाली ठेवलं. पाणी दिलं, माती दिली. मग म्हणाली, "हं, खेळा. रंगू, चूल अशी नाही, तोंड इकडं कर. बाहुलीला डाव्या हातानं भरवू नये. गोदू, आधी कणीक, मग पोळी." सकाळभर तिनं खेळ शिकवला. घामाघूम झाली. तेव्हा शेजारच्या तुळसेचा रंगू जांभई देऊन म्हणाला, "काकू, हे झालं ना? आता आम्ही खेळायला जाऊ?"

भिवरा बघतच राहिली. मग आतापर्यंत काय चाललं होतं?

म्हातारी दारातच उभी होती. म्हणाली, "मुली, हात कुठं ठेवायचे सांगितले होते?" आणि वळून गेली.

भिवरा रडकुंडीला आली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, काही केलं तर चुकतं. काही न करण्याचा वसा कसा करतात?" नवरा म्हणाला, "मला विचारू नको, ते मला जन्मापासून जमतं." एवढं दुःख, पण भिवरेला हसू आलं.

मग चौथा शुक्रवार आला, श्रावणातला शेवटचा. भिवरा हरली होती. तिनं वाट्या, पळ्या, चिंध्या, लाकडं पोरांपुढं ओतली, पाण्याची घागर ठेवली, मातीचं घमेलं ठेवलं. आपण भिंतीशी बसली. हात मांडीवर ठेवले. हात राहीनात. मग मांडीखाली दाबून ठेवले.

ओसरीचं काय झालं म्हणून सांगू! पाणी सांडलं, चिखल झाला. रंगूनं लहान तपेलीवर मोठी ताटली ठेवली, ती घसरली. फिरवून ठेवली, घसरली. भिवरेचे हात वळवळले. मग रंगूनं आपणच ताटली टाकली, वाटी उचलली, पालथी घातली. बरोबर बसली! रंगू टाळ्या पिटू लागला. गोदू वाटीतलं पाणी तांब्यात ओती, तांब्यातलं वाटीत ओती. वाटी भरून वाहे, ती थांबे, बघे, पुन्हा ओती. भिवरेला कळेना, लेक यात काय बघते.

मग गोदू उठली. चिंध्यांच्या बाहुल्या ओळीनं बसवल्या. पळी हातात घेतली. डोळे वटारले. आणि मोठ्यानं म्हणाली,

"हात लावू नको! सोवळं आहे! गप बस!"

चार वर्षांनी लेक बोलली, बायांनो. आणि बोलली ते हे.

भिवरेला हसावं की रडावं कळेना. आनंद म्हणावा, तर काळजात कट्यार घुसली. शरम म्हणावी, तर अंगावर आनंदाचा काटा आला. ती सारी वाक्यं तिचीच, तो आवाज तिचाच, वटारलेले डोळेही तिचेच! धावत जाऊन लेकीला उचलावं, म्हणून हात सुटले. मग तिला आठवलं. हात पुन्हा मांडीवर ठेवले. एवढं कठीण व्रत तिनं जन्मात केलं नव्हतं.

गोदूनं बाहुल्यांकडं पाहिलं. पळी खाली ठेवली. एक बाहुली उचलून पोटाशी धरली, थोपटली. मग चिखलाची भाकरी थापली, हातावर घेतली, भिवरेपुढं येऊन उभी राहिली.

"आई, घे."

भिवरेच्या ओठावर "शी!" आलं होतं, ते तिनं गिळलं. ओंजळ पुढं केली, भाकरी घेतली, ओठांशी नेली, मटमट आवाज केला. म्हणाली, "मीठ बेतास बात आहे हो!"

पायरीवरून आवाज आला, "बाळ, मला?" म्हातारीच ती. गोदूनं तिलाही भाकरी दिली. म्हातारीनं मिटक्या मारल्या, म्हणाली, "आज पोट भरलं." भिवरा कुंकू आणायला आत गेली, येऊन बघते तो पायरी रिकामी. पायरीवर चिखलाची पावलं, तान्ह्या पोराच्या पावलांएवढी. काठी टेकत आलेल्या म्हातारीची पावलं एवढीशी कशी? भिवरेला उमगलं नाही. मलाही नाही.

तिन्हीसांजेला गोदूनं आपणच वाटी मांडणीवर ठेवली, म्हणाली, "झालं." तेच उद्यापन.

संध्याकाळी तुळसा आली. रंगूचा चिखल बघून म्हणाली, "अगंबाई, हे काय, वहिनी?" भिवरा म्हणाली, "तुमच्या रंगूनं आज झाकण शोधलं. शाबासकी द्या." दिवाळीपर्यंत गोदू इतकी बोलू लागली, की भिवरेच्या तोंडी "गप बस" येई. ती जीभ चावी आणि हात मांडीवर ठेवी.

जशी जिवतीबाई तिला प्रसन्न झाली, तशी तुम्हा-आम्हा होवो. जशी गोदूला वाचा फुटली, तशी घरोघरच्या लेकरांना फुटो, आणि त्यांच्या तोंडून आपलं जे ऐकू येईल, ते ऐकायचं बळ आपल्याला येवो. अगं ऐकणाऱ्या बाई, तुझं पोर तबकातल्या अक्षता सांडतंय. सांडू दे गं, तू हात मांडीवर ठेव. साठ प्रश्नांची ही कहाणी, मातीच्या एका घासात सुफळ संपूर्ण.