विरजण कोणाचे?

विषय : नगरातील वास्तूंवर मूळ मालकीच्या पाट्या लावणे.
संदर्भ : एका शिष्याची तोंडी विनंती.

उपरोक्त विषयी निवेदन असे, की तापीकाठच्या एका जुन्या नगरात एकदा एक शिष्य नगरदर्शनास आला. कमान कोणाची, हमाम कोणाचा, घाट कोणाचा, हे पाहुण्यांना कळत नाही म्हणून तिथल्या एका व्यापाऱ्याची झोप उडाली होती. त्याने शिष्याला पाट्या लावण्याची नोकरी देऊ केली. अट एकच : त्याच नगरात राहणाऱ्या, शिष्याच्या वृद्ध गुरुजींची शिफारस. शिष्याचे लग्न या नोकरीवाचून अडले होते.

शिष्याने ती मागितली तेव्हा गुरुजी म्हणाले, "देतो. आधी कढीपुरतं दही आण. मात्र विरजण मुळात ज्याचं, त्याच्याच घरचं."

वयोमान, असे मनाशी म्हणत शिष्य वाडगा घेऊन निघाला.

कोष्टी आळीत गोदाकाकू म्हणाल्या, "दही ने की! पण विरजण सकिनाबेनचं हो. आमचं उन्हाळ्यात नासलं."

बोहरवाड्यात सकिनाबेन हसल्या. "माझं कुठलं, भाई? मुलीच्या लग्नात दही संपलं, तेव्हा लालाजींकडून चमचाभर आणलेलं."

मिठाईवाल्या लालाजींनी कढईवरून मान वर केली नाही. "आमचं मांजरानं सांडलं होतं. गोदाकाकूंनी दिलं म्हणून दुकान उघडलं. का, कुणाची तक्रार आहे?"

तिघांनीही वाडग्यात थोडे थोडे दही घातले. रिकामे भांडे परत धाडायची तिथे रीत नव्हती.

"गुरुजी, मूळ सापडेना," शिष्य रडकुंडीला आला. "आणि आता हेही एकत्र झालं."

गुरुजींनी ते निवांत घुसळले. "ही माणसं भांडत नाहीत, असं समजू नकोस. मिरवणुकीवरून भांडतात, गटारावरूनही भांडतात. पण उद्या ज्याच्या दारी विरजण मागायचं, त्याच्याशी अबोला फार दिवस परवडत नाही. तो घाट एकानं बांधला, दुसऱ्यानं दुरुस्त केला, तिसरा रोज झाडतो. पाटीवर कुणाचं नाव घालशील?"

शिष्याने ते ताक कढीसाठी चुलीवर ठेवले. मग हळूच म्हणाला, "आणि माझं लग्न?"

"कढी पी. आणि तिथंही फार मूळ शोधत बसू नकोस."

सद्यःस्थिती : शिष्याने विनंती मागे घेतलेली नाही, पुन्हा केलेलीही नाही. व्यापाऱ्याकडून विचारणा चालू आहे. प्रकरण प्रलंबित असून, नमुन्यादाखल आणलेली कोरी पाटी तूर्त त्याच दह्यातून राखलेल्या शिष्याच्या विरजणावर झाकण म्हणून वापरात आहे.