ओळखीचे आवाज

एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर, एक जुना बेहडा उभा होता आणि त्याच्या ढोल्यांमध्ये खारींचे एक लहानसे गाव राहत असे. मुलांनो, झाडावर राहणे तुम्हाला वाटते तेवढे सोपे नसते बरे! आकाशातून शिक्रा झडप घालतो तेव्हा चटकन ढोलीत शिरावे लागते. पण बुंध्यावरून धामण वर येते तेव्हा त्याच ढोलीतून चटकन बाहेर पडावे लागते, कारण धामण थेट ढोलीतच तोंड घालते. एकासाठी आत, दुसऱ्यासाठी बाहेर. यात गल्लत झाली तर ती सुधारायला सवड मिळत नाही.

संकटाची चाहूल खारींच्या आधी पाखरांना लागे. सातभाई, बुलबुल, साळुंकी, टिटवी, प्रत्येकाची ओरड वेगळी. आणि त्यातही साप दिसला की एक, शिक्रा दिसला की दुसरी, रानमांजर दिसले की तिसरी. असे सव्वीस आवाज होते आणि ते सगळे एका म्हाताऱ्या खारीला येत. वरच्या वाळक्या फांदीवर बसून ती राखण करी. तिने "आत!" म्हटले की सगळे आत, "बाहेर!" म्हटले की सगळे बाहेर. पण तिचे वय झाले. आधी उजवा कान गेला, मग डावाही दगा देऊ लागला. एके दिवशी तिने सगळ्यांना गोळा करून सांगितले, "जांभळं पिकेपर्यंत मी कशीबशी निभावते. तोवर कुणीतरी हे शिकून घ्या. नाहीतर हे झाड सोडावं लागेल."

सगळ्या खारी एकमेकींकडे पाहू लागल्या. सव्वीस आवाज शिकायचे म्हणजे काय खायचे काम होते? शेवटी एक तरुण खार पुढे आली. "मी शिकते, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती मावशीशेजारी बसू लागली. उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत हलत नसे. एखादे पाखरू ओरडले की मावशी सांगे, "हा बुलबुल. शिक्रा दिसलाय त्याला." तरुण खार मान डोलवी. "ही टिटवी, तिच्या अंड्यांपाशी मुंगूस आलंय." पुन्हा मान डोले. "जमतंय ना गं पोरी?" मावशी विचारी. "जमतंय की!" ती म्हणे. आणि ती खोटे बोलत नव्हती. मावशीने नाव घेतले की तिला खरेच वाटे, अरे हो, हाच तो! रोज ढोलीत परतताना आज आपण आणखी दोन पावले पुढे गेलो, असे समाधान तिच्या मनात असे.

बाराव्या दिवशी मावशी पाणी प्यायला ओढ्यावर उतरली आणि राखणीला तरुण खार एकटीच उरली. तेवढ्यात करवंदीच्या जाळीत सातभाईंनी एकच कालवा केला. खारीने कान टवकारले. आवाज ओळखीचा होता. चांगला ओळखीचा होता! पण तो काय सांगतोय, ते काही केल्या आठवेना. साप की शिक्रा? आत की बाहेर? खाली पिल्ले तिच्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवे म्हणून ती ओरडली, "आत! सगळे आत चला!"

सगळे आत शिरले. आणि बुंध्यावरून लांबलचक पिवळसर धामण सळसळत वर निघाली.

ओढ्यावरून परतणाऱ्या मावशीला धामणीची शेपटी दिसली म्हणून बरे. "बाहेर! अगं बाहेर पडा!" ती जिवाच्या आकांताने किंचाळली. खारी पटापट बाहेर उड्या टाकू लागल्या. एका आईने दोन पिल्ले बाहेर ढकलली आणि तिसऱ्याला मानेला धरून मागच्या भोकातून ओढले, त्याच क्षणी पुढच्या भोकातून धामणीचे तोंड आत आले. जीव कुणाचा गेला नाही. पण ते पिल्लू संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

"हिच्याच्यानं नाही व्हायचं हे," एक खार म्हणाली. "एवढे दिवस नुसती बसून काय करत होती?" दुसरीने विचारले. हे दुसरे बोलणे तरुण खारीला जास्त लागले. ती गुपचूप ओढ्यापलीकडच्या अर्जुनाच्या झाडावर जाऊन बसली.

तिथे भृंगराज नावाचा एक पक्षी राहत असे. काळाभोर, शेपटीला लोंबणारी दोन लांब पिसे, आणि जंगलातल्या कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करण्यात पटाईत. त्याबद्दल तो जरा मिजासही करी.

"का गं खारूताई, तोंड का एवढंसं झालंय?" त्याने विचारले.

तिने सगळे सांगितले. "मी कामचुकार नाही हो दादा. बारा दिवस कान देऊन ऐकलं. सगळं कळत होतं. ऐन वेळी मात्र डोकं कोरं!"

भृंगराजाने घशातून एक कर्कश आवाज काढला. "हा कुणाचा?"

"माहीत आहे मला! हा... म्हणजे... तुम्ही नुसतं नाव घ्या, लगेच लक्षात येईल माझ्या."

"साळुंकीचा. रानमांजर दिसल्यावरचा."

"हो, हो! तेच म्हणणार होते मी."

"नव्हतीस म्हणणार," भृंगराज हसून म्हणाला. "मी सांगितल्यावर दगडालासुद्धा वाटेल की आपल्याला येत होतं. आवाज ओळखीचा वाटणं वेगळं आणि तो आपल्याला येणं वेगळं, बाई."

खार हळूच म्हणाली, "तुम्ही कसे शिकलात?"

"मी ऐकतो थोडं आणि आठवतो फार. एका दिवसाला तीनच आवाज. ते ऐकले की लांब जाऊन बसतो, जिथं मला सांगायला कुणी नाही. तिथं स्वतःच्या गळ्यातून काढून बघतो. चुकतो. चुकलो की परत जाऊन ऐकतो, परत लांब येतो. उद्यापर्यंत त्यातलं थोडं विसरलेलं असतं."

"मग?"

"मग काय! जे निसटायला लागलंय ते ओढून परत आणलं की घट्ट बसतं. पुन्हा दोन दिवसांनी, पुन्हा आठ दिवसांनी आणायचं. आणि आवाज ओळीनं घोकू नकोस, उलटसुलट घे. जंगल काही तुला ओळीनं विचारणार नाही."

"पण अशानं तर माझी रोज फजिती होईल!"

"होऊ दे की. इथं होईल तेवढी तिथं टळेल."

दुसऱ्या दिवशी ती मावशीला म्हणाली, "मावशी, आता तू सांगू नकोस. मला विचार."

मावशीच्या मिशा ताठ झाल्या. "म्हणजे मी एवढं सांगितलं ते वाया गेलं म्हणायचं?"

"नाही गं. तू सांगितलेलं माझ्या कानात आहे. ते तोंडात यायला हवं."

मावशी थोडा वेळ घुश्शातच होती. पण मग तिने विचारायला सुरुवात केली, आणि खार अडखळू लागली. सातभाईंना टिटवी म्हणाली, मुंगसाला शिक्रा म्हणाली. पहिले चार दिवस तर तिला वाटले, आपल्याला होते तेही गेले! पूर्वी रोज हुशार झाल्यासारखे वाटायचे, आता रोज ढ असल्यासारखे वाटू लागले. पण ती मागे हटली नाही. तीन आवाज पक्के झाले की नवे तीन घेई, आणि जुन्यांतले दोनचार मध्येच उकरून काढी. भृंगराजही लहर लागली की पानाआडून कुठलातरी आवाज काढी आणि ओरडे, "बोला खारूताई!"

दुपारी ती पिल्लांना जमवून शिकवू लागली. त्यात एक पिल्लू मोठे चौकस होते. "ताई, साप आला की पाखरं एवढी बोंबलतात, आणि शिक्रा आला की बारीक शीळ का घालतात?"

खारीने ते स्वतःला कधी विचारलेच नव्हते! ती धावत मावशीकडे गेली. मावशी म्हणाली, "साप लपतछपत येतो. सगळ्यांनी मिळून गलका केला की तो कंटाळून निघून जातो. शिक्र्यापुढे मोठ्यानं ओरडलं तर तो आवाजाच्या रोखानं येऊन उचलतो. म्हणून बारीक आणि आखूड." खारीने कपाळावर पंजा मारला. एवढे एक कारण कळले आणि निम्मे आवाज आपोआप वेगळे झाले.

जांभळे काळी पडू लागली होती. एका तापल्या सकाळी करवंदीच्या जाळीत सातभाईंचा कालवा उठला. मोठा, घोळक्याचा, न थांबणारा. साप! वाळक्या फांदीवर बसलेल्या खारीने "बाहेर!" म्हणायला तोंड उघडले, तोच वरून बुलबुलाची एक बारीक, आखूड शीळ आली.

शिक्रा!

खाली धामण आणि वर शिक्रा. आत मरण, बाहेरही मरण. पिल्ले पुन्हा तिच्या तोंडाकडे बघत होती. पण या वेळी खारीचे डोके कोरे नव्हते. धामण ढोली शोधणार, शिक्रा मोकळी फांदी शोधणार.

"बाहेर पडा!" ती ओरडली. "पण शेंड्याकडे जाऊ नका! ओढ्याकडच्या दाट पानांत शिरा, फांदीच्या पोटाला चिकटा आणि हलू नका!"

सगळ्या खारी निमूट पानांत शिरल्या. धामणीने एकेका ढोलीत तोंड घालून पाहिले; सगळ्या रिकाम्या. शिक्र्याने झाडाभोवती दोन घिरट्या घातल्या. हलताना कुणी दिसले नाही. तो ओढ्यापलीकडे निघून गेला. थोड्या वेळाने धामणही कंटाळून खाली उतरली. सातभाई शांत झाले.

मावशीने सगळ्यांना मोजले. सतरा. पुन्हा मोजले. सतराच! तेव्हा कुठे झाडाने श्वास सोडल्यासारखे झाले. एक पिल्लू उगाचच खुदकन हसले, मग दुसरे हसले, आणि बघता बघता सगळा बेहडा हसू लागला. "काय करत होती" असे विचारणारी खारसुद्धा डोळे पुसून हसत होती. तरुण खार फांदीवर मट्टकन बसली आणि तिला रडू आले, पण ते सुटकेचे होते.

मावशी तिच्याजवळ येऊन बसली. "पोरी," ती म्हणाली, "तुला एक सांगू? मला सातभाई ऐकू आले नाहीत. बुलबुलही नाही. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही मला."

मग मावशीने खारीच्या पाठीवरून शेपटी फिरवली, सावकाश आपल्या ढोलीकडे गेली आणि भर दिवसा, सगळे जंगल ओरडत असताना, निवांत झोपी गेली.

तात्पर्य : पुन्हा पुन्हा ऐकलेले नुसते ओळखीचे होते, चुकतमाकत पुन्हा पुन्हा आठवून पाहिलेलेच आपले होते, आणि वेळेला तेच कामी येते.