चंडोलाचं गाणं

फार मागे, माळावरच्या पाखरांचं घारींशी युद्ध जुंपलं होतं. चंडोल उंच जाऊन मायभूमीचं गाणं म्हणे आणि तरणी पाखरं लढायला निघत. ते पाहून टिटवीचा जळफळाट होई. "मीही घसा फोडून गाते," ती नवऱ्याला म्हणे, "पण माझ्या गाण्यानं एकही पाखरू उठत नाही."

युद्ध संपलं. माळ वाचला, पण फार थोडी पाखरं परतली. एक म्हातारी साळुंकी चंडोलापाशी आली.

"माझा लेक कुठल्या ओळीला उठला रे? तेवढी म्हणून दाखव."

चंडोलाला चोच उघडवेना. साळुंकी टिटवीकडे वळली. "तूही गायचीस ना, बाई?"

"माझ्या गाण्यानं कुणी उठलं नाही, आजी," टिटवी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता.