लावलेली कडी

नदीकाठच्या निंबारी गावी श्रीअच्युतनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिगत. महाराज रोज सायंकाळी निरूपण करीत. श्रोत्यांत गोपाळशास्त्री अगदी पुढे बसत. शास्त्री एकपाठी! महाराजांच्या मुखातून ओवी निघावी आणि शास्त्र्यांनी ती तिथल्या तिथे जशीच्या तशी म्हणून दाखवावी.

मागे दाराशी भिमाई नावाची एकटी म्हातारी बसे. ‘दारी आला तो देव जाणावा’ या एकाच चरणावर ती कितीतरी दिवस अडून होती.

“अगं, एवढ्यात माझे अख्खे प्रकरण पाठ झाले!” शास्त्री सर्वांदेखत हसले.

“खरं हाय बुवा,” भिमाई ओशाळून म्हणाली. “पर दारात नकोसं मानूस आलं की मला त्ये जमतच न्हाई. मग पुढं कशी जाऊ?”

महाराजांनी तोच चरण पुन्हा एकदा म्हटला.

त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली. एका दुपारी शास्त्र्यांची विधवा बहीण उमा सासरहून आली, ती आजार घेऊनच. शास्त्री पूजेला बसले होते. तोच चरण ओठांवर होता. दारात वाकलेली बहीण पाहून ते भयाने गारठले. “उमे, घरात लेकरं आहेत. तू देवळात जा,” म्हणाले आणि त्यांनी कडी लावली.

उमा कोसळली ती भिमाईच्या अंगणात. भिमाईने तिला पोटच्या पोरीसारखी आत घेतली. दिवस कलला तशी उमेची नाडी लागेना.

“महाराज, धावा हो!” भिमाईने टाहो फोडला.

आणि काय सांगावे! महाराज त्या दिवशी पैलतीरी होते. नदीला पूर, होडी बंद. तरी ते दारात उभे! त्यांनी उमेच्या मुखात तीर्थ घातले, कपाळावर हात ठेवला. उमेने डोळे उघडले.

वार्ता कळताच शास्त्री धावत आले आणि त्यांनी महाराजांचे पाय धरले. “महाराज, चरण माझ्या मुखात होता हो! तो म्हणता म्हणताच मी कडी लावली.”

“मुखातच राहिला, बाबा,” महाराज कळवळून म्हणाले. “पाठ व्हायला क्षण पुरतो. कळायला मात्र दार उघडावे लागते.”

शास्त्र्यांनी भिमाईच्या पायांवर मस्तक टेकले, मग बहिणीकडे वळले. “उमे, घरी चल.”

“राग नाही रे दादा,” ती क्षीण स्वरात म्हणाली, “पण कडीचा तो आवाज कानांतून जात नाही.”

उमा जन्मभर भिमाईपाशीच राहिली. शास्त्री रोज येत, दोघींना वाकून नमस्कार करीत. उमा मायेने पाणी देई, विचारपूस करी. भावाच्या घराची पायरी मात्र ती पुन्हा चढली नाही.