ढोलीतली फारकत

सह्याद्रीच्या उतारावरच्या एका जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. बालमित्रांनो, धनेशांचा संसार जरा निराळाच असतो. अंडे घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी उरते. आत तिची पिसे गळतात, उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणून भरवतो, त्यावरच ती आणि पिल्लू जगतात. एवढा भरवसा टाकायचा तर मन निर्धास्त हवे. पिल्लासह ढोलीत बसलेल्या आमच्या धनेशिणीच्या मनात मात्र शंकेची पाल रोज चुकचुकत होती.

"अहो, हे उंबर नदीपलीकडचं दिसतंय," फळ चाखून ती म्हणे. "तिकडे कोण राहतं?"

"अलीकडच्या झाडाची फळं संपली," एवढेच बोलून धनेश उडून जाई. नीट उत्तर देईल तर शपथ! मग धनेशीण दिवसभर फटीला डोळा लावून बसे. उद्या हा आलाच नाही तर पिल्लाचे काय, ही भीती तिला सतावे.

एका संध्याकाळी एक उदमांजर ढोलीसमोरच्या फांदीवर येऊन बसले. "ताई, सगळं कानावर आलंय माझ्या," ते गोड आवाजात म्हणाले. "असल्या नवऱ्यापासून फारकत घेतलेली बरी. मी कितीतरी जोडप्यांचे तंटे मिटवलेत. तुम्ही ही भिंत फोडा. ढोली तुमच्या वाट्याला मिळवून देतो. निवाडा होईपर्यंत पिल्लू माझ्या ताब्यात राहील, म्हणजे त्याचा बाप ते पळवणार नाही."

"आणि तुझा मोबदला?"

"छे छे! पुण्याचं काम आहे हे."

रागाच्या भरात धनेशिणीने भिंतीवर चोच मारली. ढेकूळ पडले, फट रुंदावली. तेवढ्यात उदमांजराने विचारले, "पिल्लू अंगाने चांगलं भरलंय ना?"

धनेशिणीची चोच जागीच थांबली. नवऱ्याने आणलेले एकेक उंबर पारखून घेणारी मी, आणि या फुकट्या वकिलावर डोळे मिटून विश्वास ठेवला! तिला स्वतःचाच संताप आला. "पिल्लाचे बाबा येतीलच आता," ती सावधपणे म्हणाली. "हे सगळं त्यांच्यासमोर बोल."

"त्यांच्यासमोर कशाला? उगीच शब्दाने शब्द वाढतो," असे म्हणत उदमांजराने पंजा सरळ आत घातला. पिल्लू किंचाळले. धनेशिणीने तो पंजा चोचीत असा काही धरला की उदमांजराला ब्रह्मांड आठवले. तोच धनेश आला आणि त्याने मागून टोचा हाणला. उदमांजर खाली करवंदीच्या जाळीत आदळले आणि लंगडत पळाले.

धनेशीण अजून धापा टाकत होती. "आता खरं सांगा," ती म्हणाली. "नदीपलीकडे कोणी आहे?"

धनेशाने मान खाली घातली. "आहे," तो म्हणाला.

धनेशीण खूप रडली. मग पिल्लाला पोटाशी घेऊन म्हणाली, "तर मग आपली फारकत झाली. ढोली माझी. पिल्लू उडेपर्यंत त्याचा चारा तुम्ही आणायचा, आणि उडू लागल्यावर त्याला भेटायला तुम्हाला कोणी अडवणार नाही. कबूल?"

"कबूल."

"मग चिखल आणा. अंधार पडायच्या आत भिंत लिंपायला हवी."

तो बाहेरून चिखल देत राहिला, ती आतून लिंपत राहिली. पिल्लू आकाशात झेपावेपर्यंत धनेशाची एकही फेरी चुकली नाही, आणि त्यानंतर दोघे दोन दिशांना निघून गेले.

तात्पर्य : संसार मोडला तरी लेकराचे आईबाप तुटत नाहीत, त्याचा निवाडा दोघांनी समोरासमोर बसून करावा, फुकटच्या मध्यस्थाच्या हाती देऊ नये.